एक वाजताचा पेशंट

बाई, ऑफिसात नवा एसी बसवलाय आणि त्याचा झोत थेट माझ्या डाव्या कानात येतो. लोकांची दुःखं ऐकण्यावर ज्याचं पोट आहे त्याचाच कान गारठवणं हा माणुसकीला काळिमा आहे, असा तीन पानी अर्ज मी लिहायला घेतला होता. तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, "अरे, खुर्ची सरकव."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सातपूरच्या त्या ऑफिसात सरकवायला जागा तरी कुठे होती? कंपन्यांनी आपले कामगार समुपदेशनाला पाठवायचे आणि आपण दिवसाला नऊ जणांना, पाऊण पाऊण तास, मधे न थांबता शांत करायचं. जेवणाची सुट्टी नेमणूकपत्रात होती, रजिस्टरात नव्हती. तुमच्या हाताखाली मी नवा, अजून कायम न झालेला. एक फिटर मला सांगतो आहे की तीन महिने त्याला झोप नाही, आणि मी त्याच्यासमोर चक्क डुलकी घेतो. तो चिडला नाही. दार हळूच ओढून बाहेर तुम्हाला म्हणाला, "सरांना उठवू नका, लय दमलेत."

तुम्ही मला झापलंत. "रजा टाकून आला होता तो. तुझं घोरणं ऐकायला नाही." पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या रजिस्टरात रोज एक वाजता एक पेशंट दिसू लागला. नाव तुमचं, अक्षरही तुमचंच. एक वाजला की तुम्ही येता, समोर बसता, पंचवटीच्या बाजारातल्या मेथीची भाजी भाकरीवर वाढता. "बोलू नकोस. जेव." भाजीत मीठ कायम कमी. ते मी तेव्हाही सांगत असे. उपकाराखाली माझी जीभ कधी दबली नाही.

महिन्याभरात साहेबांनी रजिस्टर धरलं. "बाई, तुम्हाला रोज एक वाजता काय होतं?"

"भूक लागते," तुम्ही म्हणालात.

मग ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही सर," मी म्हणालो. "मला वाटलं, यांना खरंच त्रास आहे."

तुम्हाला मेमो मिळाला आणि सहा महिने फायलींचं टेबल. मी कायम झालो. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर तुम्ही डबा उघडलात. "त्रास आहेच मला. तू रोज मीठ मागतोस."

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील. मीठ कमी होतं हे खरं, बाई. माहीत नव्हतं हे खोटं.

माझ्या हाताखाली आता एक नवी मुलगी आहे. काल तिचा चेहरा बघून पेशंटनेच तिला पाणी आणून दिलं. आज सकाळी मी तिच्या रजिस्टरात एक वाजताच्या ओळीत माझं नाव लिहिलं, माझ्या अक्षरात. मेथी मीच निवडली आहे. रजिस्टर तपासणाऱ्या मुंबईच्या साहेबांनी विचारलं, तर उत्तर तुमचंच देईन.