हाकेच्या अंतरावर

२ सप्टेंबर

आलो एकदाचे! ट्रक थांबला तरी ऑरिन सामानाला हात लावेना, कमरेवर हात ठेवून डोंगराकडे बघत उभा. मी म्हटलं, डोंगर कुठे पळून जात नाहीये, आधी शेगडी उतरव. तर म्हणतो, वीस वर्षं सुट्ट्या काढून लोकांच्या रानात हिंडलो, आज स्वतःच्या अंगणात एल्कचा वास येतोय, दोन मिनिटं घेऊ दे. घेऊ दिला. शेगडी शेवटी मीच ओढली.

घर लाकडाचं, दोन खोल्यांचं. खिडकीखाली माझं टेबल. पुढे तीन पायऱ्या, मग गवत, आणि गवत संपलं की लगेच पाइनची दाट झाडी. मोंटानात याहून मोठी घरं पुष्कळ मिळाली असती, पण अशी खिडकी मिळाली नसती.

आमचं लग्नच मुळी एका एल्कमुळे, सांबरासारख्या त्या भल्यामोठ्या हरणामुळे, झालं. दोघांनी एकाच नराचा माग काढला, तो कोणाचा यावरून बर्फात उभं राहून भांडलो, आणि पुढच्या वसंतात लग्न केलं. आई म्हणाली होती, या दोघांनी एकमेकांना नाही, जंगलाला वरलंय. मूल झालं नाही, त्याचं दुःख होतं. पण सप्टेंबर उजाडला, शिकारीचा हंगाम आला की ते दुःख कुठल्या कुठे जायचं.

डचेसला मागच्या कुंपणात बांधलंय. डचेस म्हणजे आमचं खेचर. मारलेल्या एल्कचं मांस डोंगरावरून खाली तीच आणते, आणि शिवाय ती आमची दुर्बीण आहे. तिचे कान जिकडे, तिकडे जनावर. आजवर एकदाही चुकलेली नाही.

३ सप्टेंबर

खाली वाटेवर एकच दुकान आहे. पीठ, कॉफी, खिळे, टपाल, सगळं तिथेच. चालवणारी व्हर्ना साठीची, एकटी, तोंडाने फटकळ. मला आवडली. बाकी सगळं छान बोलली, पण ऑरिनच्या खांद्यावरची नळी तिला खटकली. नराच्या आरोळीची नक्कल करायची ती नळी. म्हणाली, या खोऱ्यात कोणी एल्कला बोलावत नाही. पाण्याशी गुपचूप बसायचं, आला तर आला. ऑरिनने विचारलं, का, इथले एल्क बहिरे आहेत का? त्यावर ती म्हणाली, एल्क नाहीत बहिरे, पण इथे ऐकणारे फक्त तेच नाहीत.

आणखी एक खूळ. इथली माणसं रानात जाताना पट्ट्याला घंटा बांधतात आणि एकमेकांना शीळ घालत नाहीत. शिकारी, आणि घंटा! ऑरिन घरी येईपर्यंत हसत होता. म्हणे, उद्यापासून बँडही घेऊन जाऊ.

६ सप्टेंबर

आज पहिली संध्याकाळ. नेहमीप्रमाणे मी धनुष्य घेऊन पुढे झुडपाआड, ऑरिन नळी घेऊन माझ्या मागे, हाकेच्या अंतरावर. नराला वाटतं मागे दुसरा नर आहे, त्याच्याजवळ माद्या आहेत. त्याचं सगळं लक्ष त्या आवाजाकडे. तो माझ्या नाकासमोरून जातो आणि मी त्याला दिसतच नाही. ऑरिन म्हणतो, बिचारा आवाजानेच मरतो, बाण नुसता नावाला. यावर आम्ही दरवर्षी हसतो.

उत्तर आलं. पण कसलं उत्तर! सूर वर नेताना आवाज फाटला, शेवटचं गुरगुरणं तर पार विसरला. नळी फुंकताना तोंडात धरतो ती रबराची पट्टी ऑरिनने काढली आणि सवयीप्रमाणे खोकला. ती पट्टी टाळूला घासते, काढली की तो हमखास खोकतो. म्हणाला, हा एल्क नाही, कोणीतरी नवशिका शिकारी आहे. चल रे बाळा, शाळा भरली. मग आरोळीचे तुकडे करून एकेक सावकाश वाजवला. पलीकडून तसेच तुकडे आले.

खूप हसलो. रात्री भाजलेला ट्राउट खाल्ला. मासा मी धरला होता, हे इथे नोंदवून ठेवते, कारण ऑरिन उद्या तो स्वतःचा म्हणून सांगेल.

९ सप्टेंबर

शिष्य भलताच हुशार निघाला. आज आरोळीत खोट काढायला जागा नव्हती. ऑरिनला मनातून जरा टोचलंच, मी नाही चिडवलं. खरंतर चिडवलं.

परत निघताना त्याने आमची शीळ घातली. दोन आखूड, एक लांब, शेवटी खाली उतरणारी. लग्नापासूनची आहे. ‘मी इथे आहे, तू कुठे?’ एवढाच तिचा अर्थ. मी उत्तर दिलं. आणि थोड्या वेळाने वरच्या कड्यावरून तिसरी शीळ आली. तीच. शेवट मात्र जरा चुकलेला.

ऑरिन म्हणाला, बघ, शिष्य गुरूच्या बायकोला शीळ घालायला लागला! आणि मुद्दाम पुन्हा दोनदा घातली, शेवट नीट घोटवून. मीही घातली. मजाच वाटली.

डचेसला ओढ्याशी बांधलं होतं. तिथे पोचलो तर तिचा एक कान कड्याकडे आणि दुसरा आमच्या मागच्या झुडपाकडे, अगदी जवळच्या. तिकडे काहीच नव्हतं. ऑरिन म्हणाला, म्हातारी झाली बिचारी.

१२ सप्टेंबर

व्हर्नाला विचारलं, वर कोणी तळ ठोकून राहिलंय का. ती म्हणाली, वर कोणी राहत नाही. मी सगळं सांगितलं, थोडं हसत हसतच. तिने एकच विचारलं, तुम्ही उत्तर दिलंत का? हो म्हटलं. तिने माझी कॉफीची पिशवी अर्धवट बांधून तशीच ठेवली.

मग बोलली. तिचा नवरा वॉल्ट आणि ती, दोघं मिळून शिकारीला जायची. आमच्यासारखीच. त्यांचीही एक शीळ होती. एका दुपारी वॉल्ट तिच्या शिळेमागे गेला, आणि ती त्या वेळी दुकानात बसून मटार सोलत होती. तेव्हापासून सगळे घंटा बांधतात. घंटा काही त्याला अडवत नाही गं, म्हणाली, पण मग रानात शीळ ऐकू आली की ती आपल्या माणसाची नाही, एवढं तरी कळतं.

तिने दोन घंटा माझ्या पिशवीत टाकल्या. ऑरिनला दाखवल्या तर या वेळी हसला नाही. म्हणाला, बाई दुःखाने वेडी झालीय. पण नळी मात्र भिंतीवर टांगून ठेवली.

१४ सप्टेंबर

भर दुपारची गोष्ट. ऑरिन माझ्यासमोर बसून कॉफी पीत होता. झाडीतून शीळ आली. माझी नव्हे, त्याची. मी उत्तर देते ती जरा वरच्या पट्टीत असते, ही त्याची खालची. शेवटसुद्धा अचूक, त्यानेच घोटवून दिलेला.

त्याच्या हातातला कप खाली आला नाही. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. मिटलेले होते.

दोघांनीही एकदमच म्हटलं, उद्या निघायचं. वीस वर्षांत शिकार सोडून आम्ही कधी परत फिरलो नव्हतो. लाज वगैरे काही वाटली नाही. सामान बांधतेय.

१५ सप्टेंबर

डचेस नाही. दोर तुटलेला. ट्रक भरून तयार आहे आणि झाडीतून तिचं ओरडणं येतंय, जसं पाय अडकल्यावर ओरडते तसं. मी म्हटलं, ते तिचं नसेल. ऑरिन म्हणाला, नसेल, पण असलं तर? अकरा वर्षं जिने आपलं ओझं वाहिलं तिला तशी सोडून जाऊ? भांडलो. पहिल्या भेटीत बर्फात भांडलो होतो तसे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाला, म्हातारे, पुसून घे, मी आलोच.

घंटा बांधून गेलाय. शीळ घालणार नाही असं ठरलंय. गवतापलीकडून घंटा ऐकू येतेय, वाजतेय, अजून वाजतेय. लिहीत बसलं की बरं वाटतं.

थांबली.

१८ सप्टेंबर

शेरीफची माणसं कुत्री घेऊन आली. कुत्री झाडीच्या कडेपर्यंत गेली आणि बसली. माणसं आत गेली, दोन दिवस हिंडली, चांगली माणसं होती. घंटा सापडली. फांदीला टांगलेली, गाठ मारून, नीट. रक्त नाही, पावलं नाहीत. ती घंटा आता माझ्या टेबलावर आहे.

व्हर्ना मला न्यायला आली होती. खूप बोलली, शेवटी ओरडलीसुद्धा, की मी इथे राहिले म्हणून मला काय मिळालं, सांग! मी म्हटलं, पण तूही गेली नाहीस ना. ती माझा हात दाबून निघून गेली.

२१ सप्टेंबर

शीळ येते. उजेड उतरायला लागला की येते. दोन आखूड, एक लांब. मी उत्तर देत नाही. दातात रुमाल धरून बसते.

तो नाही. मला माहीत आहे तो नाही. शीळ आपल्या माणसाची नसते —

पण घंटा इथे टेबलावर आहे. त्याच्याकडे घंटाच नाही. मग जिवंत असला, पाय मोडून पडला असला, तर त्याने मला शिळेशिवाय बोलवायचं तरी कसं?

२२ सप्टेंबर

आज शिळेनंतर खोकला. पट्टी काढल्यावर येतो तो. तसाच.

तो खोकला आम्ही कोणाला शिकवला नव्हता. किंवा पहिल्याच दिवशी — ऐकत होतं ते.

ऑरिन.

२३ सप्टेंबर

जेवले नाही. बर्फ भुरभुरतंय. वर पडून असला तर आजची रात्र निघणार नाही.

त्या नरांचा विचार येतो. आम्ही हसायचो. म्हणायचो, कसा येतो बघ, मूर्ख, त्याला कळतसुद्धा नाही. आता वाटतं, कळत असणार. वाऱ्यावर आमचा थोडा तरी वास जात असणार. कितीतरी जण वाटेत थांबायचे, मान वर करून उभे राहायचे. कळायचं त्यांना. तरी यायचे.

मीही जाणार. ठरलं. धनुष्य मांडीवर आहे. शीळ आली की —

आली. दूर आहे, कड्याच्या बाजूला. इतक्या दूर असेल तर पायऱ्या उतरून गवत ओलांडेपर्यंत तरी मला धोका —

डचेस! डचेस परत आलीय. गवतात उभी आहे, दोर लोंबतोय, थरथरतेय. म्हणजे सोडवली त्याने. म्हणजे तो खरंच

पुन्हा शीळ. कड्यावरूनच. ती तिकडे बघत नाहीये. तिचे कान कड्याकडे नाहीत. दोन्ही कान घराकडे. माझ्याकडे? नाही, खिडकीच्या बाहेर, खाली —

बोलावणारा मागे असतो. नेहमीच मागे. मारणारा पुढे, हाकेच्या अंतरावर, आणि मी कुठे बसायची — जिथून नर जाणारच तिथे — वाटेला लागून — पायऱ्या

शीळ. खोकला. ऑरिन, मी इथे आहे. तू कु