चावरा गीझर आणि माझ्या अकरा सह्या

नानाखेडा, उज्जैन
संक्रांतीचा आदला दिवस

तीर्थस्वरूप तात्यांना,

सुहासचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच). तुमचा गुडघा काय म्हणतो? इंदूरला थंडी कितपत? इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर मी फार घाबरलो आहे.

दिवाळीत नवा गीझर घेतला. डिसेंबरात तो चावू लागला. नळाला हात लावला की खांद्यापर्यंत झिणझिण्या. बटण बंद केलं तरी तेच. एके दिवशी तर नंदा (तुमची सख्खी बहीण) भिंतीवर आपटली आणि अर्धा तास तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. लग्नाच्या बत्तीस वर्षांत असं प्रथमच घडलं, म्हणून मी जास्तच घाबरलो. कंपनीचा मिस्त्री बघून गेला. म्हणाला, "अंकल, थोड़ा-बहुत करंट तो हर गीज़र में आता है." तेव्हापासून आम्ही रोज पहाटे राम घाटावर अंघोळीला जातो. कॉलनीला वाटतं, आम्ही देवधर्माला लागलो. घाटावरचे पंडाजी रोज विचारतात, "किसके निमित्त, बाबूजी?" (म्हणजे घरातलं कोण गेलं?) आणि त्या गारठ्यातही मला घाम फुटतो.

कंपनीला तक्रार केली, तर उत्तर आलं की करारातल्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे ग्राहकाला कोर्टात जाता येणार नाही. कंपनी नेमेल तो लवाद, सिकंदराबादला, इंग्रजीत, निकाल देईल. तोवर गीझर जागेवरून हलवायचा नाही. आता तुम्ही म्हणाल, न वाचता सही केलीस का? तात्या, चौतीस वर्षं बँकेत मी लोकांना "यहाँ, यहाँ और यहाँ" म्हणत सह्या करायला लावल्या. कागदावर कोरी जागा दिसली की माझा हात थांबत नाही. दुकानदाराने एकच सही मागितली होती. मी अकरा पानांवर अकरा केल्या, तारखेसकट, आणि एकोणिसाव्या कलमाशेजारी (तिथे जागा बरी होती) सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वाचून व समजून सही केली'. कंपनीने तेवढ्याच पानाची झेरॉक्स मला पाठवली आहे.

पुतण्या चिन्मय वकिली शिकतो. तो म्हणतो, "काका, घाबरू नका, असं कलम असलं तरी ग्राहक आयोगात जाता येतं, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय." पण तुम्हीच दिवाळीत आमच्या ओसरीवर म्हणाला होतात की आयोगात तारखांवर तारखा पडतात, लवाद झटपट निकाल देतो, आणि शहाण्या माणसाने सही केली की विषय संपला. तेव्हा मी मान डोलावली होती. ती परत घेतो.

रविवारी लेक सायली गौरीला घेऊन येते आहे. नात सहा वर्षांची आहे आणि तिला नळ उघडायला फार आवडतं. बाथरूमच्या दाराला मी कुलूप लावलंय, किल्ली जानव्याला बांधली आहे, तरी झोप लागत नाही. ती चिमुकली बोटं सारखी डोळ्यांपुढे येतात.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

आपला,
सुहास

ता. क. : मूळ मुद्दा राहिला. कंपनीने लवाद नेमला. नाव मी चष्मा पुसून दोनदा वाचलं : इंदूरचे निवृत्त न्यायाधीश, म्हणजे तुम्ही. कृपा करून नातं सांगा आणि नकार द्या. तुम्ही आमची बाजू घ्याल ही भीती नाही. कॅरमला पंच होऊन सख्ख्या बहिणीची राणी तुम्ही परत पटावर ठेवायला लावली होती, ते मी विसरलेलो नाही.

ता. क. २ : नंदाने हे पत्र वाचलं. वायरमनला बोलावून गीझर उतरवला, आधी सगळे फोटो काढले आणि चिन्मयला घेऊन ग्राहक आयोगात तक्रार देऊन आली. जाण्याआधी कागद पुढे करून म्हणाली, "इथे, इथे आणि इथे." मी केल्या. नंतर वाचलं. शेवटच्या कागदावर मी लिहून दिलंय की यापुढे या घरात सही फक्त तीच करेल. तेव्हा वरची सही खोडली आहे असं समजावं.