फळीतला छर्रा

बाबा, आज दुपारभर मी तुमच्यासारखी एका फळीसमोर बसून होते. मूल गावात आमच्या बचत गटाचं बियाण्याचं गोदाम आहे, तिथल्या धानाच्या पोत्यांना घुशी लागल्या. विष ठेवायचं नाही असं आम्ही ठरवलं, कारण तेच बियाणं बाया हातानं भिजवतात, हातानं फेकतात. म्हणून मी छऱ्याची बंदूक आणली. आमच्या अध्यक्षबाईंना कोण घाई! "ते पाय, कट्ट्यावर बसली हाये. मार न बाई!" मी म्हटलं, आधी कागदावर मारून पाहू. त्या कावल्या, "घुशी धान खाऊन राह्यल्या, कागद नाई!" मला इतकं हसू आलं, तरी मी हटले नाही. पंधरा पावलांवर फळी, फळीवर कागद, कागदावर कोळशाची टिकली आणि मागे कोंड्यानं भरलेला कट्टा, अगदी तुम्ही ठेवायचे तसा.

बंदूक दिसायला झकास आहे, पण दस्ता जड, घोडा कडक, आणि नळी वाकवता वाकवता माझं मनगट दुखायला लागलं. पाच छर्रे मारले. चार टिकलीच्या उजवीकडे बोटभर सरकून पडले, पण एकमेकांना चिकटून. म्हणजे बंदूक इमानदार आहे, फक्त तिची नजर वाकडी आहे. हे बोलणं तुमचंच. पाचवा मात्र माझ्या हातून हलला आणि फळी चुकवून कोंड्यात घुसला. अध्यक्षबाई म्हणाल्या, जाऊ द्या, कोंडाच तर आहे. मी ऐकलं नाही. अख्खा कट्टा ताडपत्रीवर उलटा केला, सूप घेतलं आणि बसले.

सूप हातात घेतलं आणि मी थेट तुमच्या राईस मिलमध्ये जाऊन पोचले. माझी बारावीची परीक्षा संपलेली, तुम्ही मिलचे मिस्त्री, मालकाची बंदूक तुमच्या ताब्यात. मिलमधले चिडवतात, "मिस्त्री, पोरीले शिकारी करता का?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "नेम शिकवून राह्यलो. पुढं कामी पडते." तुमचा नियम एकच, घूस कट्ट्यावर असली की घोड्याला बोट लावायचं नाही, ती जमिनीवर उतरेपर्यंत थांबायचं. त्या दिवशी मी थांबले नाही. घूस पळाली, छर्रा तांदळात गेला, आणि तोही जयंतीच्या जेवणासाठी विहारात जाणाऱ्या कट्ट्यात. तुम्ही धावत आले. "काऊन मारला व? शिसं असते ते. एखाद्या लेकराच्या दाताखाली आला म्हंजे?" असे तुम्ही माझ्यावर आधी कधी ओरडले नव्हते. मग माझ्यासोबत सूप घेऊन बसलेही तुम्हीच. अर्धा कट्टा झाला आणि मशीनचा पट्टा तुटला, तुम्हाला बोलावणं आलं. जाताना म्हणाले, "सापडल्याबगर उठू नको."

मी उठले, बाबा. पाठ मोडली होती, डोळ्यांसमोर तांदूळच तांदूळ नाचत होता, आणि तुम्ही पुन्हा ओरडाल याची भीती होती. मी गेले, सरावाच्या फळीतून एक छर्रा खिळ्यानं उकरून काढला आणि तुमच्या हातावर ठेवला. "सापडला." तुम्ही तो बोटांत फिरवला, जरा वेळ पाहिला, खिशात टाकला. "बरं," म्हणाले, "कट्ट्याचं तोंड शिव." आणि सायंकाळी तो कट्टा सायकलवर घालून आपल्या घरी आणला, घरचा विहारात दिला. आईला सांगितलं, "आपला तांदूळ जुना हाये. भात मोकळा होते. पंगतीले तोच बरा." आईला ते पटलं. मलाही पटलं, आणि सुटले एकदाची असंही वाटलं.

त्यानंतर तुम्ही रोज सायंकाळी चष्मा लावून तांदूळ निवडायला बसायचे. जन्मात कधी ताट हातात न घेतलेला माणूस! आई थट्टा करायची, "आता चूल बी तुम्हीच सांभाळता का?" तुम्ही आपले गालात हसायचे आणि एकेक मूठ सरकवायचे. असे बरेच दिवस गेले. मग एके सायंकाळी ताट आईकडे दिलं आणि मला म्हणाले, "उद्या मिलमध्ये ये. बंदूक पुन्हा तपासू." मला वाटलं, निवडायचा कंटाळा आला असेल.

आज कोंड्यातला छर्रा सापडला. जसा डबीतून निघाला होता तसाच, नवाकोरा. मग फळीतले चार उकरले, तर चारही चपटे, पिचलेले, एकाच्या अंगाला लाकडाचं कुसळ चिकटलेलं. एका हातात तो नवाकोरा, दुसऱ्यात हे चपटे, असे शेजारी धरून पाहिले. तांदळात गेलेला छर्रा चपटा होत नाही, बाबा. तुम्हाला तर ते हातात घेताक्षणीच कळलं असणार. मिलभर लोक होते, एका शब्दानं माझी लाज काढता आली असती. तुम्ही ती काढली नाही, जयंतीच्या पंगतीत बसणारं एकही लेकरू धोक्यात टाकलं नाही, आणि माझ्या हाती पुन्हा बंदूकही दिली. मला रडू आलं. अध्यक्षबाईंना वाटलं, कोंडा डोळ्यात गेला. त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले, मीही पुसू दिले.

बंदुकीची नजर आता सरळ केली आहे. उद्यापासून घुशींचं पाहू, त्या जमिनीवर उतरल्या की. हे सगळं मी निशाणाच्या कागदामागेच लिहून राहिले, मधे चार अक्षरं भोकांत गेली. कुठं पाठवायचं तर नाहीच. घडी करून छऱ्यांच्या डबीत ठेवीन. फक्त एक कबूल करते. तेव्हा तुम्ही विचारलं असतं, "खरंच तांदळातला हाये का?" तर मी तुमच्या गळ्याची शपथ घेऊन हो म्हटलं असतं. तुम्ही विचारलं नाही, बाबा. फार बरं केलं.