खड्ड्याभोवतालची दोन एकर

मी, वैजनाथ विश्वंभर साखरे, वय २७, शिक्षण सातवी, राहणार हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली. आज अंगात ताप नाही, पोटात दारू नाही, कोणाचा दाब नाही. भीती आहे, पण तिने डोके ठिकाणावर ठेवले आहे. म्हणून हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. वाटणीत माझ्या नावे आलेली दोन एकर काळी जमीन बहीण पुनम हिला द्यावी. तिने पेरावे, खावे. वरची माती मात्र वीटभट्टीला विकू नये. शेजारची तीन एकर चुलते तातेराव यांनी तशी विकली. तिथे आता मुरूम उघडा पडला आहे. त्यांना माझ्याही शेतातली हवी होती. मी नाही म्हणालो.

२. गेल्या पोळ्याला शाळेच्या मुलांनी काकांच्या शेतातली माती आणून बैल केले. तिसरीतली दीक्षा म्हणाली, "दादा, याचे पाय काहून तुटून राहिले?" मला तोंडी सांगता येईना. पाऊस उघडल्यावर शाळेच्या साधनाबाईंना विचारून मी माझ्या शेताच्या मधोमध छातीइतका खोल चौकोनी खड्डा खणला, उतरायला पायऱ्या केल्या. मुलांनी बोटे लावून पाहिले : वर काळी माती, मुळे, गांडुळे, मग पिवळट चिकण, तळाला मुरूम. हातभर काळी व्हायला कितीतरी पिढ्या जातात आणि टिपरात भरायला एक सकाळ पुरते, एवढेच मी सांगितले. दुसऱ्या दिवशी दीक्षाने भर पारावर काकांना विचारले, "आबा, आमच्या बैलाची माती कुठं नेली?" लोक हसले. काका हसले नाहीत.

३. आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. काका खड्ड्यावर आले, आत वाकून पाहिले आणि हळू म्हणाले, "लेकरांसाठी खंदला व्हय? बसवायला बराबर मापाचा झालाय." त्यानंतर पायऱ्या दोनदा मोडलेल्या सापडल्या. मी दोनदा नीट केल्या. काल सकाळी तळाशी विभूती आणि बेलाची पाने होती, बसवलेल्या माणसाभोवती घालतात तशी. आमच्या शिवारात बेलाचे झाड नाही.

४. मुलांना दाखवायला मी दोन्ही शेतांतली माती दोन बरण्यांत भरली आहे. फावडे, टिकाव आणि माझ्या मातीची बरणी शाळेला द्यावी. काकांच्या शेतातल्या मातीची बरणी काकांनाच द्यावी. तिच्यात पाणी घालून हलवावे आणि खाली काय बसते ते त्यांनी पाहावे.

५. आई गोजरबाई हिला पुनमने सांभाळावे. हा कागद तिला आताच वाचून दाखवू नये.

६. माझे काही झाले तर मला त्याच खड्ड्यात बसवावे. खणलेल्या मातीचे तीन ढीग बांधाला वेगवेगळे ठेवले आहेत. आधी मुरूम, मग पिवळी, शेवटी काळी, अशी लोटावी. समाधी असलेल्या शेतात जेसीबी घालायला गावात कोणी तयार होत नाही. मुलांसाठी पूर्वेला दहा पावलांवर दुसरा खड्डा खणावा. पहिल्याचे काय झाले असे दीक्षाने विचारले, तर तिला खरे सांगावे.

वरील मजकूर दोनदा वाचून सही केली.

वैजनाथ विश्वंभर साखरे

साक्षीदार (सही आमच्यासमोर केली) :
१. साधना हरीश कदम, शिक्षिका
२. संतराम भागवत ढोरे, शेतशेजारी

स्थळ : हट्टा
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२६