मा आणि सा

३ फेब्रुवारी

गाडी पुन्हा बंद! पुस्तकात बघून एकेक गोष्ट केली, व्हॉल्व्हचं अंतरही मोजून लावलं. तरी नुसती खोकते आणि गप्प बसते. पुस्तक बाबांच्या कपाटातलं, याच गाडीचं. मग घोडं अडतंय कुठे?

बाबा खिडकीपाशी पडून ऐकत होते. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेली, कान शाबूत आहेत. 'हो' असलं की खाटेच्या दांडीवर एकदा टकटक करतात, 'नाही' असलं की हात हलवतात. पुस्तक दाखवलं तर जोरजोरात हात हलवला.

५ फेब्रुवारी

आई भाजी निवडता निवडता म्हणते, "अगं, इंजिन कुठे गाडीचं आहे? मूळचं कामातून गेलं, तेव्हा यांनी सामानाच्या व्हॅनचं बसवलं. तू दोन महिन्यांची होतीस." तीस वर्षं मी या गाडीत बसतेय आणि कुणी अवाक्षर काढलं नाही! कपाळावर हात मारला.

म्हणजे पुस्तक व्हॅनचं हवं. कुठल्या व्हॅनचं, ते आईला आठवत नाही.

८ फेब्रुवारी

दोन रद्दीवाले, एक जुन्या पुस्तकांचं दुकान. हात हलवत परत.

११ फेब्रुवारी

मिळालं!! सुट्या भागांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांकडे. इंजिनावर खडू घासून नंबर उतरवून नेला होता. त्यांनी पहिले तीन आकडे बघितले आणि तडक माळ्यावर चढले. या वयात! चष्मासुद्धा लावला नाही. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. पुस्तकाला तेलाचा वास आहे, कव्हर नाही.

१२ फेब्रुवारी

व्हॅनच्या पुस्तकाप्रमाणे व्हॉल्व्ह लावले. इंजिन सुरू झालं — मिनिटभर! मग आचके देऊन बंद. कार्बोरेटर पुस्तकातल्या चित्रासारखा नाहीच. रडूच आलं.

एवढा आटापिटा कशासाठी, ते लिहूनच टाकते. नवऱ्याचं घर सोडून कायमची आले, असं बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बघू." चौथ्या दिवशी झटका आला. त्या 'बघू'चा अर्थ विचारायचा राहिला, आणि आता विचारायची हिंमत होत नाही. गाडी त्यांनी अर्धी उघडून ठेवली होती, म्हणून हातात घेतली. माझी बॅग अजून तशीच बांधलेली आहे.

१४ फेब्रुवारी

रॉकेलनं इंजिन पुसताना बारीक ठोकलेली अक्षरं दिसली. इथे 'मा', तिथे 'सा'. बाबा गाणं कधी शिकले! मला वाटलं, माप आणि साईज. आईला विचारलं तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मा म्हणजे माहेर, सा म्हणजे सासर. नव्या इंजिनाला हे सून म्हणायचे. माहेराहून तिच्याबरोबर आलं ते मा. इथलं जुनं तिला दिलं ते सा."

मी तिथेच फरशीवर बसले. म्हणजे पुस्तकं दोन्ही खरी! मा असेल तिथे व्हॅनचं बघायचं, सा असेल तिथे गाडीचं. विजेरी घेऊन सगळं तपासलं. एकही भाग सुटलेला नाही. पेट्रोल चढवायच्या हाताच्या पंपालाही अक्षर आहे, आणि पंप तर नखाएवढ्या जागेत बसवलाय. या माणसाला मी आजवर नुसतं 'तेलकट कपड्यांचे बाबा' समजत होते.

१५ फेब्रुवारी

दोन्ही पुस्तकं मडगार्डवर शेजारी शेजारी उघडी. कार्बोरेटर आणि ठिणगीचे पॉइंट सासरच्या पुस्तकातून लावले. पहिल्याच फटक्यात सुरू! बाबांनी डोळे मिटले. मग बोट खाली केलं — आवाज जरा चढा आहे. स्क्रू थोडा फिरवला. पुन्हा बोट. आणखी थोडा. मग इंजिन असं काही चालायला लागलं की मी श्वास घ्यायची विसरले. पुस्तकात हे नाही, ते बाबांच्या कानात आहे.

१७ फेब्रुवारी

आज गाडीखाली शिरले. इंजिन ज्या दोन जाड पट्ट्यांवर टेकलंय, त्या कुठल्याच पुस्तकात नाहीत. बाबांनी स्वतः कापून, घासून केलेल्या. त्यांवर मा नाही, सा नाही. 'ले' आहे.

तशीच आत गेले. विचारलं, "ले म्हणजे लेक?"

बाबांनी दांडीवर टकटक केली. मग करतच राहिले.

बॅग रिकामी केली.