चुकलेला अधिक महिना

१४ फेब्रुवारी २०२५, शुक्र.
ईडन प्रेरीत बर्फ. ग्रोसरीत पुरुषांची ही रांग! प्रत्येकाच्या हातात लाल गुलाब आणि तोंडावर शिक्षा झाल्याचा भाव. मधे मी, कोथिंबिरीची जुडी घेऊन. घरी येऊन ह्यांना मुद्दाम म्हटलं, आज व्हॅलेंटाइन डे. "हो का? तरीच पार्किंग मिळेना." सदतीस वर्षांच्या संसारात एक फूल नाही. असो.
सनीव्हेलला निनादला फोन. मेईला कुठे नेतोयस? "आई, सॉफ्टवेअरचं रिलीज आहे यार. तिने टेबल बुक केलंय, जाईन." आईला यार म्हणतो!

१८ फेब्रु., मंगळ.
गेला, पण दीड तास उशिरा. आणि लॅपटॉप घेऊन. लॅपटॉप!
मेईने ब्रेक घेतलाय. ब्रेक म्हणजे काय रे? "ब्रेक म्हणजे ब्रेक, आई." तीन वर्षं मागे लागून मिळवलेली मुलगी. पोटचा गोळा आहे म्हणून, नाहीतर...
खरं लिहायचं तर 'चिनी मुलगी' ऐकून आठवडाभर मलाच अन्न गोड लागलं नव्हतं. आता तिच्यासाठी रडू येतंय. माझंही काही खरं नाही.

११ मे, रवि.
मदर्स डेचा पहिला फोन कोणाचा? मेईचा. "आँटी, तुम्ही कशा आहात?" चिरंजीवांचा दुपारी चारला.
तिला सिंगापूरची नोकरी आलीय. ऑगस्टअखेर हो-नाही सांगायचंय. मी व्हॅलेंटाइनचा विषय काढला, नि.च्या वतीने माफी मागायला लागले. म्हणाली, "आँटी, ते दुकानांचं. माझा दिवस वेगळा आहे, चीशी." सातव्या महिन्याची सातवी तिथी. स्वर्गातली विणकर मुलगी आणि पृथ्वीवरचा गुराखी, मधे आकाशातली नदी, आणि वर्षातून एकदा मॅगपाय पक्षी पंखाला पंख लावून त्यांना पूल करून देतात. त्या दिवशी मुली चंद्राच्या उजेडात सुईत दोरा ओवायच्या, तिची आजीसुद्धा. "निनादला मी दोनदा सांगितलंय. त्याला आठवत नाही."
फोन ठेवला आणि वहीत लिहून ठेवलं: सातवा महिना, सातवी तिथी.

१२ मे, सोम.
पंचांग काढलं. यंदा चिनी नववर्ष आणि आपला माघ एका दिवसाच्या फरकाने लागले, मला पक्कं आठवतंय. माघ पहिला, तर सातवा श्रावण. श्रावण शुद्ध सप्तमी, ३१ जुलै. झालं!
हे म्हणाले, "फोनमध्ये बघ ना एकदा." आयुष्यभर पंचांग वाचतेय मी. ह्यांना एकादशी कधी ते मी सांगते, आणि मला फोन दाखवतात.
नि.ला तारीख लिहून पाठवली. सुट्टी टाक, फुलं घे, लॅपटॉप घरी ठेव.

३१ जुलै, गुरु.
सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. भाजी करपली. सातला नि.चा फोन.
गेला. चांगला शर्ट घालून, फुलं घेऊन. मेई दारात उभी राहून म्हणाली, "आज काय आहे?"
चीशी २९ ऑगस्टला आहे! त्यांच्यातही अधिक महिना असतो, आणि तो यंदाच आला, सहाव्यानंतर. आपला पुढच्या वर्षी. आईने अधिकात ह्यांना तेहतीस अनारसे वाढले होते, मी ताटाशी उभी होते, आणि मीच अधिक विसरले!
तिला वाटलं, नेहमीसारखं अर्धवट ऐकून आला. फुलं घेतली, दार लावून घेतलं. "आई, तू कशाला मधे पडतेस?" ओरडला माझ्यावर. बरोबरच आहे. शरमेने मेल्यासारखं झालंय.
ह्यांनी करपलेली भाजी पानात वाढून घेतली आणि खाल्ली. त्याचाही राग आला.

१ ऑगस्ट, शुक्र.
मेईला मीच फोन केला. सांगितलं, त्याची चूक नाही, मोजणारी मी. म्हणाली, "आँटी, तुम्ही चंद्रावरून मोजलंत?" हो गं बाई. हसली की रडली, कळलं नाही.
सिंगापूरचं विचारलं. "अजून महिना आहे," एवढंच.

१९ ऑगस्ट, मंगळ.
आता दुसरं संकट. २९ म्हणजे गणपतीतला तिसरा दिवस. नि.चं तिकीट २८ चं इकडे, ईडन प्रेरीला. गौरी यंदा लाँग वीकेंडला, तीस माणसं जेवायला. वर्षातून एकदा येतो तो. एकदाच.
फोन केला. म्हटलं, तिकीट कॅन्सल कर. "आर यू शुअर, आई?" नाही. पण कर.
नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२७ ऑगस्ट, बुध.
गणपती बसले. आरतीला आम्ही दोघंच, टाळ एकच. ह्यांचा सूर म्हणजे... जाऊ दे. सगळे मोदक फुटले.

२९ ऑगस्ट, शुक्र.
मेईने अजून सिंगापूरला कळवलेलं नाही. नि. सहाला तिच्याकडे जाणार, म्हणजे इथले आठ. तोवर करायचं काय? गौरींच्या साड्यांना टाके घालायला बसले. डोळ्यांत मोतीबिंदू, सुईत दोरा काही जाईना. चार वेळा थुंकी लावली. सुई फेकूनच दिली.
ह्यांनी ती जमिनीवरून शोधली. दिव्याखाली बसले, चष्मा कपाळावर चढवून. डब्यातल्या सगळ्या सुयांत दोरे ओवले आणि उशीवर ओळीने खोचून ठेवल्या. अकरा. "पुन्हा पुन्हा उठायला नको तुला." परत टीव्हीपुढे. मी त्या सुयांकडे बघत बसले, मेले टाके राहिलेच.
आठ. आठ दहा. सव्वाआठ.
आठ बावीसला मेसेज: "तिने दार उघडलं. मग फोन करतो."
मग म्हणजे कधी, ते नाही लिहिलं. बापावर गेलाय.