तारा काढायची तारीख

३ मार्च
निर्धार: पेशंटच्या मनात शिरायचं. दातांच्या तारा घट्ट करायला येणारी चौदा वर्षांची मुलगी आज पुस्तक खुर्चीवर विसरली. विज्ञानकथा, पाच भागांची मालिका, पहिला भाग. पोरांसाठीचं आहे. दोन पानं चाळून परत करीन.

३ मार्च, दुपारी ४
एकशे दहा पानं चाळली. परग्रहावर बर्फाखाली मुलं अडकलीयत, ऑक्सिजन अकरा मिनिटांचा. लेखन उथळ. बाहेर रूट कॅनालवाले आजोबा ताटकळले. त्यांना म्हटलं, भूल चढायला वेळ लागतो. ते म्हणाले, अजून दिलीच नाहीत.

१० मार्च
पुस्तक परत. दुसरा भाग सहज मागितला.. म्हणजे, तरुण पिढी काय वाचते म्हणून पाहायला घेतला.

१७ मार्च
तिसरा. तारा महिन्याने नव्हे, दर आठवड्याला तपासाव्यात असं माझं प्रामाणिक वैद्यकीय मत झालं आहे.

७ एप्रिल
आज तारा काढायच्या होत्या. दात ओळीत आलेत. पण चौथा भाग तिच्या मैत्रिणीकडे अडकलाय. खालचा एक सुळा नीट पाहिला, शंकास्पद वाटला. अजून महिनाभर ठेवू म्हटलं. ती म्हणाली, अठराला वर्गाचा फोटो आहे. तिची आई म्हणाली, डॉक्टर म्हणतात तर असेल काहीतरी. पोरीचे डोळे भरून आले. मला छातीत कसंतरी झालं. ॲसिडिटी असावी.

१४ एप्रिल
चौथा मिळाला. आजपासून वाचन फक्त जेवणाच्या सुट्टीत. सुट्टी साडेअकरा ते तीन. रिसेप्शनिस्टने विचारलं, पेशंटना काय सांगू? म्हटलं, डॉक्टर अभ्यास करतायत. ती हसली नाही.

२१ एप्रिल
मुलगी आली नाही. फोन करवला. आईने सांगितलं, तारा काल दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी काढल्या. त्या म्हणाल्या, दात केव्हाच सरळ झाले होते. डॉक्टरांमध्ये मतभेद असतातच.

२२ एप्रिल
मुलगी एकटीच आली. पाचवा भाग टेबलावर ठेवला. म्हणाली, "काका, नुसतं मागितलं असतं तरी दिलं असतं." वर्गाच्या फोटोत ती तोंड मिटून बसली होती, हेही सांगितलं. मी पुन्हा त्या सुळ्याचा विषय काढला. माफी मागायला तोंड उघडलं आणि विचारून बसलो, शेवटी सगळे सुटतात का?
तिने उभ्याउभ्या अख्खा शेवट सांगितला. कोण मरतं, कधी, कशाने. मग पुस्तक तिथेच ठेवून गेली.
पाचशे वीस पानं आहेत.